सायगॉनला (म्हणजे हो ची मिन्ह सिटीला) निघालात? सगळे विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

सायगॉन की हो ची मिन्ह सिटी? नक्की नाव काय?

दोन्ही चालतं. ३० एप्रिल १९७५ ला व्हिएतनाम युद्ध संपलं, १९७६ मध्ये सरकारने नेते हो ची मिन्ह यांच्यावरून शहराचं नाव बदललं, तेव्हापासून कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी. बोलताना मात्र तिथली माणसं सर्रास सायगॉनच म्हणतात आणि तुम्ही म्हटलंत तरी कोणाला राग येत नाही. विमानतळाचा कोडसुद्धा अजून एसजीएनच आहे. त्यात आता एक नवा गोंधळ वाढलाय. जुलै २०२५ मध्ये शेजारचे बिन्ह जुओंग आणि बा रिआ-वुंग ताऊ हे दोन प्रांत शहरात घातले, लोकसंख्या एकदम १ कोटी ४० लाखांच्या आसपास गेली, आणि डिस्ट्रिक्ट हा प्रकारच सरकारी कागदावरून काढून टाकला. पण हॉटेलवाले, ड्रायव्हर, तिथले रहिवासी सगळे अजून डिस्ट्रिक्ट १, डिस्ट्रिक्ट ५ असंच बोलतात, म्हणून मी पण तेच वापरतेय. मॅपवर वेगळंच नाव दिसलं तर घाबरू नका, जागा तीच आहे.

व्हिसा लागतो का? एजंटकडून करू की स्वतः?

लागतो, आणि स्वतः करा. ई-व्हिसा मिळतो, सिंगल एंट्रीला २५ डॉलर, मल्टिपलला ५०, आणि ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. सरकारी साइटचा पत्ता गव्ह डॉट व्हीएन असा संपतो. सर्च केल्यावर वरती जाहिरातीत ज्या चकचकीत साइट येतात त्या बहुतेक एजंटांच्या असतात, दुप्पट तिप्पट पैसे घेतात आणि भरतात तोच फॉर्म.

फॉर्म भरताना दोन गोष्टींना जपा. एक म्हणजे नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच्या तसं, वडिलांच्या नावासकट. आपल्याकडे मधलं नाव कधी असतं कधी नसतं त्यामुळे घोळ इथेच होतो, आणि चुकलं तर फी परत मिळत नाही. दुसरं, कुठल्या विमानतळावर उतरणार ते निवडावं लागतं, तर तिथे तान सोन न्यात (हा सायगॉनचा विमानतळ) निवडा. मध्येच कंबोडियाला जाऊन परत यायचा विचार असेल (सायगॉनहून नोम पेन्हला बस जातात, बरेच जण आंगकोर वाट जोडून करतात) तर मल्टिपलच काढा नाहीतर सीमेवर अडकाल. व्हिसा यायला कामाचे तीनएक दिवस धरतात, पण सुट्ट्या आल्या की लांबतं, म्हणून दोन-तीन आठवडे आधीच करून मोकळे व्हा. आणि प्रिंट काढून जवळ ठेवा, फोनवर दाखवू म्हणाल आणि नेमकी बॅटरी मान टाकेल.

मुंबईहून थेट फ्लाइट आहे का?

आहे. साधारण पाच-साडेपाच तासांत पोचता. घड्याळ दीड तास पुढे करायचं. सीझनप्रमाणे वेळापत्रक बदलत असतं त्यामुळे कुठली एअरलाइन हे इथे लिहीत नाही, तिकीट काढताना बघा, फक्त स्वस्तातल्या तिकिटात चेक-इन बॅग धरलेली नसते हे आधी वाचून घ्या.

किती दिवस ठेवू? सगळे म्हणतात सायगॉनला एकच दिवस पुरे.

हे म्हणणारे लोक सकाळी नऊला बसमधून निघतात, चर्च, पोस्ट ऑफिस, पॅलेस, म्युझियम असं घामाघूम होत उरकतात आणि रात्रीच्या फ्लाइटने दा नांगला पळतात, आणि मग येऊन सांगतात की काय नुसतं ट्रॅफिक आहे हो. बघायच्या ठिकाणांची यादी खरंच छोटी आहे. पण हे शहर रस्त्यावर जगतं, आणि ते बघायचं तर पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. मधला वेळ चक्क खोलीत एसी लावून झोपा. पहाटे बागेत बायका गाणी लावून व्यायाम करत असतात, फुटपाथवर रश्श्याची पातेली उकळत असतात, ऑफिसला निघालेला माणूस शर्ट-पँट इस्त्रीची घालून गुडघ्याएवढ्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून कॉफी पीत असतो. हे दुपारी बारा वाजता दिसत नाही. पूर्ण तीन दिवस शहराला आणि एक दिवस बाहेर कुठेतरी, असं ठेवा.

गोल्डन ब्रिज (तो हातांवरचा पूल) सायगॉनलाच आहे ना?

नाही. तो दा नांगजवळ बा ना हिल्सवर आहे, विमानाने सव्वा तास वगैरे. आणि ते समुद्रातले डोंगर, क्रूझ वगैरे म्हणजे 'हा लाँग बे' नावाची खाडी, ते तर हनोईच्या बाजूला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. हनोई ते सायगॉन रेल्वेने १,७२६ किलोमीटर आहे. पाच दिवसांत तिन्ही ठिकाणं असं पॅकेज कोणी विकत असेल तर तुम्ही मुख्यतः विमानतळ बघणार आहात.

विमानतळावरून हॉटेलला कसं जायचं?

विमानतळ शहरातच आहे, डिस्ट्रिक्ट १ जेमतेम सात किलोमीटर, पण ट्रॅफिक असेल तर तेवढ्याला पाऊण तास लागू शकतो. घरूनच ग्रॅब (तिथलं टॅक्सी मागवायचं) ॲप टाकून, नंबर व्हेरिफाय करून जा, तिथे गेल्यावर ओटीपी येईना मग काय करू असं होतं. उबर शोधू नका, ते २०१८ सालीच बाहेर पडले. ग्रॅबशिवाय शान्ह एसएम नावाच्या निळसर हिरव्या इलेक्ट्रिक गाड्या आहेत, त्या स्वच्छ असतात. मीटरची टॅक्सी घ्यायची तर विनासन किंवा माई लिन्ह, आणि नावाचं स्पेलिंग नीट वाचा कारण अगदी तशाच रंगाच्या नकली गाड्या फिरतात. बाहेर पडल्या पडल्या कोणी 'टॅक्सी, टॅक्सी सर' करत बॅगेला हात घालायला आलं तर सरळ मान हलवून पुढे चालू लागा.

इमिग्रेशनची रांग कधी कधी फार मोठी असते, त्यामुळे उतरल्यावर तासाभरात शहरात असू असं धरून पुढचं काही बुक करू नका.

पैसे कसे न्यायचे? आणि ते लाखालाखांचं गणित कसं जमवायचं?

रुपये नेऊन उपयोग नाही. डॉलर न्या, नोटा नव्या कोऱ्या, घडी नसलेल्या, कारण चुरगळलेली किंवा पेनाची रेघ असलेली नोट घेताना नाक मुरडतात. थोडे विमानतळावर बदला, बाकीचे शहरात बँकेत किंवा परवाना असलेल्या काउंटरवर. बेन थान मार्केटच्या आजूबाजूला सोनारांच्या दुकानांत रेट चांगला मिळतो म्हणतात पण बोर्डवर परवाना आहे का बघूनच.

गणित सोपं आहे. डोंगमधल्या (तिथलं चलन) किमतीचे मागचे तीन शून्य झाका आणि साडेतीनने गुणा, रुपयांचा साधारण अंदाज येतो. म्हणजे ३०,००० डोंगची कॉफी साधारण शंभर रुपये. एक लाख डोंग साडेतीनशेच्या आतबाहेर.

खरा धोका नोटांच्या रंगात आहे. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची पण निळसरच, दोन्हीवर हो ची मिन्हचाच फोटो (सगळ्याच नोटांवर त्यांचाच आहे), आणि रात्री टॅक्सीच्या अंधुक उजेडात सत्तर रुपयांच्या जागी सतराशे रुपये देऊन बसाल. पाच लाखवाल्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, एवढं केलंत तरी पुरे.

गूगल पे, फोन पे चालतं का?

चहावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर चिकटवलेला दिसेल आणि हात आपोआप फोनकडे जाईल, पण तो त्यांच्या बँकांचा असतो. आपलं यूपीआय चालेल असं धरून जाऊ नका. फुटपाथवर रोख, मॉलमध्ये आणि हॉटेलात कार्ड.

रस्ता कसा ओलांडायचा? व्हिडिओ बघून धडकी भरली.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून सविस्तर सांगते. शहरात सत्तर लाखांच्या वर बाइक आहेत आणि त्या सगळ्या तुमच्या समोरच आल्यात असं पहिल्या दिवशी वाटतं. बऱ्याच ठिकाणी सिग्नल नसतो, आणि झेब्रा क्रॉसिंग असलं तरी त्यावर कोणी थांबत नाही. त्यामुळे रस्ता मोकळा होईल मग जाऊ, असं म्हणून उभे राहिलात तर तिथेच संध्याकाळ होईल.

करायचं काय, तर कार, बस, ट्रक जवळ नाही एवढं बघायचं, कारण त्या वळवून घेत नाहीत, त्यांच्यापुढे जायचंच नाही. फक्त बाइक असतील तर फुटपाथवरून उतरायचं, हात थोडा खाली आडवा धरायचा, आणि एकाच संथ चालीने चालत राहायचं. बाइकवाला लांबूनच तुमची चाल बघून अंदाज बांधतो की हा माणूस मी पोचेपर्यंत कुठे असेल, आणि त्याप्रमाणे तो पुढून किंवा मागून निघतो. तुम्ही मध्येच थबकलात, दचकून मागे आलात, किंवा धावलात की त्याचा अंदाज चुकतो. सगळे अपघात तिथेच. मुंबई-पुण्यात आपल्याला हात दाखवत पळायची सवय असते ना, ती इथे घातक. आणि वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे उतरताना आधी डावीकडे बघायचं, आपलं डोकं सवयीने उजवीकडे वळतं. अर्थात उलट्या दिशेने येणारे पण असतात आणि गर्दीच्या वेळी फुटपाथवर बाइक चढवणारे पण, म्हणून खरं तर चारी दिशांना बघा. ग्रुपमध्ये असाल तर एकामागे एक न जाता शेजारी शेजारी चाला. फारच भीती वाटली तर एखाद्या स्थानिक आजीच्या सावलीला लागा. त्या आज्या डोळा न लववता पलीकडे जातात.

बाइक भाड्याने घेऊ का? आपण इथे चालवतोच की.

नको. प्रश्न चालवता येण्याचा नाही, परवान्याचा आहे. व्हिएतनाम १९६८ च्या रस्ते-वाहतूक करारानुसार दिलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मानतं आणि आपल्या आरटीओकडून मिळतं ते १९४९ च्या करारातलं. भाड्याने देणारा काही विचारत नाही, पासपोर्टची कॉपी घेतो आणि किल्ली देतो, पण पोलिसांनी अडवलं किंवा काही लागलं-सवरलं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. शिवाय तिथे पिऊन चालवण्याला शून्य सूट आहे, एक बिअरसुद्धा नाही, २०२० पासून दंड जबर वाढवलाय. बाइकची मजाच घ्यायची तर ग्रॅबची बाइक टॅक्सी करा, हेल्मेट तोच देतो, भाडं चहापाण्याएवढं.

मेट्रो आहे ना आता?

आहे, एकच लाइन. २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली, बेन थान ते सुओई तिएन, १९.७ किलोमीटर, १४ स्टेशनं. जपानच्या कर्जातून झाली आणि काम २०१२ पासून चालू होतं, तेव्हा तिथल्या लोकांना तिचं केवढं अप्रूप असेल ते मेट्रोची वाट बघितलेल्या पुणेकरांना सांगायला नको. तिकीट ७,००० ते २०,००० डोंग. प्रवाशाच्या कामाची म्हणाल तर बेन थान, ऑपेरा हाउस, बा सोन ही पहिली तीन भुयारी स्टेशनं, आणि पुढे थाओ दिएनची कॅफेवाली वस्ती. काही काम नसलं तरी एकदा बसा, वर आल्यावर नदी आणि लँडमार्क ८१ (४६१ मीटर, देशातली सगळ्यात उंच बिल्डिंग) छान दिसते, ऑब्झर्वेशन डेकचे पैसे वाचतात.

तसाच दुसरा स्वस्त प्रकार म्हणजे वॉटर बस. बाक दांग धक्क्यावरून सुटते, तिकीट १५,००० डोंगच्या आसपास, सूर्यास्ताच्या वेळची मिळवा.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी मरू का?

अजिबात नाही, पण एक गोष्ट शिकून जा. 'चाय' म्हणजे शाकाहारी, आणि 'कुआन चाय' अशी पाटी असलेली साधी शाकाहारी खानावळ जवळपास प्रत्येक भागात सापडते. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला मांसाहार करत नाहीत, त्या दिवशी तर नेहमीचे मटण-मासेवाले ठेलेसुद्धा चाय पदार्थ करतात आणि या खानावळींत बसायला जागा नसते. तेव्हा आपली दिनदर्शिका बघून पौर्णिमा साधता आली तर चैन आहे.

अडचण बाहेरच्या साध्या हॉटेलात. तिथे 'नो मीट' सांगितलं की वरचे मांसाचे तुकडे बाजूला काढून तोच रस्सा समोर ठेवतात, कारण त्यांच्या लेखी मीट काढलं की झालं. फो (नूडल्सचं सूप) चा रस्सा हाडांचा असतो. आणि नुऊक माम म्हणजे माशाचा सॉस, तो भाजीत, चटणीत, सॅलडमध्ये सगळीकडे असतो, दिसत नाही. म्हणून फोनवर व्हिएतनामीत लिहून ठेवा: मांस, मासे, कोळंबी, माशाचा सॉस, हाडांचा रस्सा काही नको, सोया सॉस चालेल. आणि ते दाखवा. तोंडाने बोलून उपयोग नाही, सूर चुकला की शब्द बदलतो.

अंडं चालत असेल तर बान्ह मी ओप ला मागा, पावात तळलेलं अंडं (हाफ फ्राय)-काकडी-कोथिंबीर, वीस-तीस हजारांत नाश्ता झाला. चाय खानावळीत बान्ह सेओ मिळालं तर सोडू नका, तांदळाच्या पिठाचं हळद घातलेलं कुरकुरीत धिरडं, आत मोड आलेले मूग आणि मश्रूम, ते तोडून पालेभाजीच्या पानात गुंडाळायचं, चटणीत बुडवायचं. हात वापरायची पूर्ण मुभा आहे. आणि मांसाहारी असाल तर सायगॉनचा खास पदार्थ कॉम ताम, म्हणजे तांदळाच्या कण्यांचा भात आणि वर निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस. एकेकाळी कणी म्हणजे गरिबाचं खाणं, आता सगळं शहर नाश्त्याला तेच खातं.

आणि जैन?

उलट जैनांना इथे एक फायदा आहे जो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. देवळांजवळच्या जुन्या बौद्ध खानावळींत कांदा, लसूणही वर्ज्य असतो, त्यांच्याकडे तो नियमच आहे. कंदमुळांचं मात्र बंधन नाही, गाजर-बटाटा असणार, ते वेगळं सांगावं लागेल.

बाकी डिस्ट्रिक्ट १ मध्ये भारतीय हॉटेलं भरपूर आहेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर एखाद्या रात्री वरण-भाताने जिवात जीव येतो, त्यात कमीपणा काही नाही. पण रोज तिथेच पनीर बटर मसाला खायचा असेल तर एवढं भाडं कशाला खर्च केलं?

कॉफी एवढी का गाजते?

कारण ती फार कडक असते. व्हिएतनाम ब्राझीलच्या खालोखाल जगात कॉफी पिकवतो आणि त्यात बहुतांश रोबस्टा, कडू आणि जोरदार. फिन नावाच्या छोट्या धातूच्या गाळणीतून थेंब थेंब पडते, खाली कंडेन्स्ड मिल्कचा थर, मग सगळं ढवळून बर्फावर ओतायचं. ही काफे सुआ दा. पहिली संध्याकाळी सहानंतर पिऊ नका, रात्रभर छताकडे बघत पडाल. निघायची घाई नसेल तर फुटपाथवरच्या टपरीवर प्या, त्याबरोबर गार पातळ चहा मिळतो आणि तो संपला की भरून देतात. साखर नको असेल तर आधीच सांगा, नंतर काही करता येत नाही.

उसाचा रसही घ्या, नुऊक मिया, त्यात छोटी आंबट संत्री सालीसकट पिळतात. बर्फाची भीती असेल तर मध्ये भोक असलेला नळीसारखा बर्फ बघा, तो कारखान्यातला असतो. नळाचं पाणी मात्र नाही.

बघायचं काय काय?

इंडिपेन्डन्स पॅलेस नक्की. ३० एप्रिल १९७५ ला याच फाटकातून रणगाडे आत घुसले आणि दक्षिण व्हिएतनाम संपलं. आत सगळं १९६६ सालच्या थाटात जसंच्या तसं आहे, तळघरात वायरलेसची यंत्रं, भिंतीवर नकाशे, गुलाबी-हिरवे टेलिफोन. नोत्र दाम कॅथेड्रलची दुरुस्ती २०१७ पासून चालू आहे, त्यामुळे फोटोत नुसती परांचीच दिसली तर ट्रॅव्हलवाल्याशी भांडू नका. विटा मार्सेयहून आणल्या होत्या, १८८० साली पूर्ण झालं. समोरचं पोस्ट ऑफिस १८९१ चं, अजून चालू आहे, तिथून घरी पोस्टकार्ड टाका. ते आयफेलने बांधलं असं गाइड ठोकून देतात, ते खरं नाही.

मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा चो लन. डिस्ट्रिक्ट ५-६ मधली जुनी चिनी वस्ती. बिन्ह ताय मार्केट १९२८ चं, घाऊक बाजार, सुकी कोळंबी, औषधी मुळ्या, टोप्या, पोती, हमाल, आणि टुरिस्टसाठी कोणी थांबत नाही. तिथून थिएन हाऊ देवळात जा, समुद्राची देवी आहे, छताला मोठमोठ्या अगरबत्त्या भोवऱ्यासारख्या गुंडाळून टांगलेल्या असतात आणि त्या दिवसच्या दिवस जळतात, त्यांची राख केसांवर पडते. सकाळी जा.

वॉर म्युझियमला मुलांना न्यावं का?

दहा-बारा वर्षांखालच्यांना नको. एजंट ऑरेंज या विषारी फवारणीचे फोटो आहेत, जन्मतः व्यंग असलेली मुलं... ते वर्णन नकोच, बघून मोठी माणसंसुद्धा बाहेर येऊन बाकावर गप्प बसतात. पण मोठ्यांनी चुकवू नये. एक दालन फक्त युद्धात मारल्या गेलेल्या फोटोग्राफरांनी काढलेल्या फोटोंना दिलाय, तिथे वेळ द्या. तिकीट ४०,००० डोंग, सकाळी साडेसातला उघडतं, नऊनंतर बसगाड्यांची गर्दी.

कू चीचे बोगदे की मेकाँग डेल्टा, एकच दिवस आहे.

गुडघे चांगले असतील तर कू ची. गनिमी युद्धासाठी खोदलेलं दोनशे किलोमीटरच्या वरचं भुयारी जाळं, त्यातला थोडा भाग बघायला ठेवलाय. हवेची भोकं वारुळासारखी दिसतील अशी लपवलेली, एकाला जेमतेम आत जाता येईल अशी झाकणं. टुरिस्टसाठी बोगदा रुंद केलाय तरी वाकूनच जावं लागतं, बंद जागेची भीती असेल तर उतरू नका, वरूनही सगळं कळतं. शेवटी उकडलेला कसावा आणि शेंगदाण्याचं कूट देतात. लढणारे हेच खाऊन राहायचे. आपला साबुदाणा याच कंदाचा होतो, त्यामुळे आपल्या लोकांना तो लगेच आवडतो. बोगदे बघायच्या जागा दोन: बेन दिन्ह जवळ पण गर्दी, बेन दुओक लांब आणि शांत.

मेकाँगची एक दिवसाची सहल 'मी थो' आणि 'बेन त्रे' या गावांना नेते, नारळाच्या वड्यांचा कारखाना, होडी, मध, गाणी, सगळं ठरवून मांडलेलं. खरा तरंगता बाजार कान थोला, आणि त्यासाठी तिथे रात्री राहून पहाटे पाचला होडीत बसावं लागतं.

व्हिएतनाममध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा आहे म्हणतात, तो कुठे आहे?

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतंय ते. व्हिएतनामने महाराजांचा गनिमी कावा वापरून अमेरिकेला हरवलं, तिथल्या नेत्याच्या समाधीवर तसं लिहिलंय वगैरे. याला आजवर कोणी धड पुरावा दिलेला नाही, नेत्याचं नाव प्रत्येक फॉरवर्डमध्ये वेगळं असतं. गाइडला विचारून त्याला कोड्यात टाकू नका.

नदीकाठी मे लिन्ह चौकात उंच खांबावर जो योद्धा हात खाली नदीकडे दाखवत उभा आहे तो त्रान हुंग दाओ, तेराव्या शतकातला व्हिएतनामी सेनापती. १२८८ साली उत्तरेतल्या बाक दांग नदीत त्याने भरतीच्या पाण्याखाली दिसणार नाहीत असे टोकदार खांब आधीच रोवून ठेवले, ओहोटी लागल्यावर मंगोलांची जहाजं त्यावर अडकली, आणि मग त्याचं सैन्य तुटून पडलं. गनिमी काव्याची परंपरा त्यांची स्वतःची आहे आणि ती ऐकायला आपल्यालाच जास्त मजा येते.

देऊळ आहे का आपलं?

आहे, बेन थानपासून चालत पाच मिनिटांवर त्रुओंग दिन्ह रस्त्यावर मारियम्मनचं. एकोणिसाव्या शतकात तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलं. आता भक्त बहुतेक व्हिएतनामी. नवस बोलताना मागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून हळू आवाजात देवीला सांगतात, हातात उदबत्तीचा जुडगा आणि मोगरा. पाय धुऊन आत जा, पाच मिनिटं बसा.

सेफ आहे का? एकट्या बाईने जावं का?

अंगाला धोका फार कमी, रात्री दहा-अकराला एकट्या बायका, मुली बाइकवरून सहज फिरत असतात. धोका फोनला. बाइकवरून दोघं येतात, मागचा हात लांब करतो, आणि तुम्ही मॅप बघता बघता फोन गेलेला असतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन काढायचाच नाही, दुकानात शिरा, बघा, मग निघा. पर्स रस्त्याच्या विरुद्ध खांद्याला, आडवी.

बाकी फसवाफसवी ओळखीचीच. शहाळ्याची कावड घेतलेला माणूस फोटोसाठी ती तुमच्या खांद्यावर देतो आणि मग शहाळी सोलून चौपट पैसे मागतो. बूटपॉलिशवाला न विचारता चपलेलाच हात घालतो. सायकल रिक्षाचा भाव आधी कागदावर लिहून घ्या, 'शंभर' म्हणजे माणशी की दोघांचे ते पण. बुई व्हिएन रस्त्यावर रात्री कान फाटतील एवढा आवाज असतो, बघायला जा, पण हॉटेल तिथे घेऊ नका. आणि ई-सिगारेट नेऊ नका, २०२५ पासून बंदी आहे.

आई-बाबांना झेपेल का?

उन्हाचं आणि फुटपाथचं बघा, बाकी झेपेल. फुटपाथ पार्क केलेल्या बाइकनी भरलेले, मध्येच पायऱ्या, म्हणून 'दहा मिनिटांवरच आहे, चालत जाऊ' हा उत्साह आवरा आणि कार मागवा, स्वस्त आहे. हॉटेल ठरवताना लिफ्ट आहे का विचारा. गल्लीतली हॉटेलं चिंचोळी आणि पाच-सहा मजली असतात. पत्त्यात १८/३ असं तिरकी रेघ असलेलं काही दिसलं तर ते गल्लीच्या आत आहे, कार तोंडाशीच सोडणार आणि बॅगा ओढत न्याव्या लागणार.

आणि हो, जो प्रश्न सगळ्यांना पडतो पण कोणी मोठ्याने विचारत नाही: जेट स्प्रे असतो. जवळपास सगळीकडे.

कधी जावं?

डिसेंबर ते मार्च. एप्रिलमध्ये काहिली होते. मे ते नोव्हेंबर पाऊस, पण तो आपल्यासारखा दिवसभर लागून राहत नाही, दुपारी तासभर कोसळतो आणि थांबतो. बाइकवाले मिनिटभरात कडेला थांबून रंगीबेरंगी रेनकोट चढवतात आणि पुढे. पावसाळ्यात हॉटेलं स्वस्त.

तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, टाळा. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. आधीचा आठवडा फुलांच्या बाजारामुळे सुंदर, पण सण सुरू झाला की सगळे गावी जातात, खानावळी बंद, भाडी वाढलेली.

खरेदी कुठे? घासाघीस चालते का?

बेन थानमध्ये (१९१४ चं मार्केट, घड्याळाचा मनोरा) चालते, नव्हे करावीच लागते. सांगितलेल्या भावाच्या निम्म्याच्या खालून सुरू करा, हसत करा, पटलं नाही तर चालू लागा, बऱ्याचदा मागून हाक येते. पण एकदा भाव कबूल केलात की घ्या, तिथे मग मागे फिरलेलं आवडत नाही. सकाळची पहिली बोहनी असेल तर नुसतं विचारून निघून जाऊ नका, त्यांच्यात पण बोहनीला महत्त्व आहे. सुपरमार्केटमध्ये भाव ठरलेला, कॉफी, काजू, सुका फणस, नारळाच्या वड्या तिथूनच घ्या, निम्म्यात मिळतात. फिन गाळणी साधी ॲल्युमिनियमची घ्या, शंभर-दीडशे रुपयांत येते आणि स्टीलच्या भारीवालीपेक्षा काही वाईट कॉफी देत नाही.

उरलेले डोंग परत आणून बदलता येतात का?

इथे घ्यायला सहसा कोणी तयार होत नाही, आणि झालं तरी रेट मातीमोल. विमानतळावर सिक्युरिटीच्या आधीच डॉलर करून घ्या, आणि सुटे उरतील ते आत पाण्याच्या बाटलीवर घालवा, ती तिथे शहरापेक्षा चांगलीच महाग आहे त्यामुळे संपायला वेळ लागत नाही.